भाडं घेतलंस, मग घोडी कुणाची?

फोनवर तू म्हणालास, "गुरुजी, माझं काय चुकलं? जमीन माझी, गवत पावसाचं, घोडी त्याची." मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण फोनवर रागाने बोललेलं वाऱ्यावर जातं. म्हणून लिहितो आहे. तुझ्या त्या एका वाक्यात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही चुकीच्या आहेत. एकेक घेऊन सांगतो. शेवटपर्यंत वाच आणि मगच तोंड उघड.

आधी काय घडलं ते ऐक, कारण तुला ते पुरतं ठाऊकच नाही. आषाढीच्या तोंडावर तू ओढ्याकाठचा दीड एकराचा तुकडा शहरातल्या एका घोडेवाल्याला कार्तिकीपर्यंत चराईला दिलास. चार महिन्यांचे पैसे एकदम घेतलेस. सहा घोडी आणतो म्हणाला, तू हो म्हणालास. त्यानंतर पिंपरीहून एकदाही इकडे फिरकला नाहीस. आज भाद्रपद लागला आहे. तुकड्यात दाताला लागेल एवढं गवत उरलेलं नाही. खालच्या खाचरात घोट्याच्या वर चिखल आहे आणि घोडी त्यातच उभी असतात. त्यांच्या बरगड्या रस्त्यावरून मोजता येतात. तांबड्या घोडीचा मागचा पाय तारेने फाटला आहे. शेजाऱ्याच्या भातात घोडी शिरली, बांध फुटला. तुझी जमीन, तुझं कुंपण, तुझा व्यवहार, आणि हे सगळं तुला मी सांगायचं?

शेत चराईला देण्यात वाईट काही नाही, हे आधीच स्पष्ट करतो. वरातीची घोडी आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत बिनकामाची असतात. मुहूर्त नाहीत म्हणून वराती नाहीत, वराती नाहीत म्हणून घोडेवाल्याच्या हातात पैसा नाही. जनावराचं पोट मात्र रोज मागतं. शहरात त्याला पेंढी पेंढी विकत घ्यावी लागते आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्या मावळात गवत उभं असतं. ज्याच्याकडे गवत आहे त्याने ते द्यावं आणि चार पैसे घ्यावेत, हा दोघांच्याही भल्याचा सौदा आहे. दुसऱ्याचं जनावर आपल्या वावरात घेण्याची रीत तर आपल्याकडे फार जुनी. धनगर शेतात मेंढरं बसवतो तेव्हा शेतकरीच त्याला धान्य किंवा पैसे देतो, पाण्याची जागा दाखवतो, रात्री तळावर जाऊन विचारपूस करतो. कारण त्या लेंड्यांनी वावर खतावतं, हे त्याला कळतं. जनावर आपल्या जमिनीत आलं की ते आपल्या जबाबदारीत आलं, अशी ती रीत आहे. तू तिच्यातला पैशाचा भाग तेवढा उचललास आणि सांभाळण्याचा टाकून दिलास.

आता तुझी पहिली गोष्ट. जमीन माझी.

सातबाऱ्यावर नाव तुझं आहे, ते कुणी पुसत नाही. पण भाडं खिशात घातलंस त्या दिवसापासून त्या कुंपणाच्या आत जे काही होईल त्यात तुझा वाटा आहे. कुंपणापासूनच सुरू करू. तुझ्या वडिलांनी बैलांसाठी लावलेली तीन पदरी काटेरी तार गंजून सैल पडली आहे. बैलाला ती चालायची. घोडा हे पळून जीव वाचवणारं जनावर. वीज कडाडली, कुत्रं अंगावर आलं, की तो आधी पळतो आणि मग बघतो. सैल पडलेली बारीक तार त्याला धावताना दिसत नाही. तारेत अडकलेली गाय बहुधा थांबून राहते. घोडा पाय हिसकत राहतो आणि कातडी हाडापर्यंत सोलून निघते. तांबड्या घोडीचं तेच झालं. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि लिदीत असतातच, आणि पाळीव जनावरांत धनुर्वाताला सगळ्यात लवकर बळी पडतो तो घोडा. तिला लस टोचली होती का, हे तू घोडेवाल्याला विचारलं होतंस? आडव्या बांबूंचं किंवा साध्या ताणलेल्या तारेचं कुंपण करून त्यावर पांढऱ्या चिंध्या बांधल्या असत्यास तर एवढ्यावर आलं नसतं. त्याला दोन दिवसांची मजुरी लागली असती. ती तू वाचवलीस आणि तिची किंमत घोडीने पायाने मोजली.

दुसरं, कण्हेर. मे महिन्यात तू माणूस लावून बांधावरची कण्हेर छाटलीस आणि छाटलेल्या फांद्या त्याच तुकड्याच्या कोपऱ्यात टाकून दिल्यास. हिरवी कण्हेर कडू असते, तिला घोडा सहसा तोंड लावत नाही. वाळल्यावर कडूपणा कमी होतो, विष मात्र तसंच राहतं. मूठ दोन मूठ पानं चांगल्या धिप्पाड घोड्याचं हृदय बंद पाडायला पुरतात. भुकेलं जनावर काय खावं काय नाही याची निवड करत बसत नाही. त्या फांद्या दिसल्या त्याच दिवशी मी गडी लावून उचलून घेतल्या, म्हणून आज मी तुला फक्त पत्र लिहितो आहे. त्याच बांधावर घाणेरी आहे, ओढ्याच्या अंगाला एरंड आणि धोतरा आहे. चराईला जमीन देणाऱ्याने आधी आपल्या बांधावर एक फेरी मारायची असते. आठवीत मी तुम्हाला वर्गाबाहेर काढून विषारी झाडं दाखवली होती. ती परीक्षेपुरती दाखवली नव्हती.

तिसरं, शेजारी. घोडी भातात शिरली तेव्हा तो माझ्याकडे आला. संतापलेला होता आणि त्याचा संताप रास्त होता. त्याने घोडी कोंडवाड्यात घातली असती तर कायदा त्याच्या बाजूने होता. गुरांच्या अतिक्रमणाचा १८७१ चा कायदा आहे. त्यातल्या गुरांत गाई-म्हशींबरोबर घोडा, घोडी, शिंगरू, खेचर, गाढवही मोडतात. त्याने तसं केलं नाही, कारण तुझ्या वडिलांचा आणि त्याचा पन्नास वर्षांचा बांधाला बांध आहे. त्या माणुसकीवर तू किती दिवस जगणार? भाताची लावणी वाकून वाकून होते. ती तुडवली गेली तर पुन्हा लावायला हंगाम उरत नाही. फुटलेल्या बांधातून त्याच्या खाचरातलं पाणी गेलं ते वेगळंच.

चौथं, कागद. तू काहीच लिहून घेतलं नाहीस. विचारलं तर म्हणालास, कागद केला तर कूळ लागेल. ही भीती कुठून आली ते मला माहीत आहे. १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि जमीन कसणारी कुळं मालक झाली. कसणाऱ्याला न्याय मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण तेव्हापासून आपल्याकडे जमीनवाल्यांच्या घराघरात एकच धडा घोटला गेला, की दुसऱ्याचं नाव कागदावर येऊ द्यायचं नाही. तुझ्या आजोबांची भीती तू वारशात घेतलीस आणि कायदा काय म्हणतो ते एकदाही वाचलं नाहीस. कायदा वाचायचा, जाणत्या वकिलाला विचारायचं, तलाठ्याशी बोलायचं आणि मग स्पष्ट लिहायचं: ताबा मालकाचा, नांगरट नाही, पेरा नाही, बांधकाम नाही, अमुक घोडी, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत गवत चरतील, एवढीच परवानगी. त्याचबरोबर पाणी कोण देणार, कुंपण कोण दुरुस्त करणार, घोडं आजारी पडलं तर कुणाला कळवायचं, शेजाऱ्याचं नुकसान झालं तर कोण भरून देणार, गवत संपलं तर काय, हेही लिहायचं. कागद नसला की कमजोर माणूस मरतो. उद्या तुझं मन फिरलं आणि तू त्याला निघ म्हणालास, तर ऐन पावसात सहा घोडी घेऊन तो कुठे जाईल? पैसे दिल्याचा पुरावासुद्धा त्याच्याजवळ नाही. तुला ही सोय वाटली. मला हा अन्याय वाटतो.

दुसरी गोष्ट. गवत पावसाचं.

हे वाक्य तुझ्या तोंडून ऐकून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण विज्ञान मी शिकवलं होतं. पाऊस फक्त पाणी देतो. गवत मुळातून उठतं आणि मुळाला पोसतं पान. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात; ती जिभेने गवताला वेढा घालून ओढते, म्हणून बुडखा बऱ्यापैकी राहतो. घोड्याला वर खाली दोन्हीकडे पुढचे दात आहेत. तो गवत जमिनीलगत कातरतो आणि कोवळा फुटवा आला की परत तिथेच येतो. पान वाढूच दिलं नाही तर मुळातला साठा संपतो आणि हरळीसारखं चिवट गवतसुद्धा हरतं. मोकळ्या झालेल्या जागेवर टाकळा आणि गाजरगवत येतं. तुझ्या तुकड्यात ते आलंच आहे. दोन वर्षं असंच चाललं तर पावसाने कितीही जोर केला तरी तिथे चरण्यासारखं काही उगवणार नाही.

आता हिशेब. त्रैराशिक तू माझ्याकडेच शिकलास. वरातीचं मध्यम घोडं साडेतीनशे किलोचं धर. त्याला वजनाच्या निदान दोन टक्के, म्हणजे दिवसाला ७ किलो सुका चारा लागतो. पावसाळी गवतात पाणीच फार, त्यामुळे ओल्या गवताचा हिशेब केलास तर तो तीस किलोच्या आसपास जातो. सहा घोड्यांना सुक्या हिशेबाने दिवसाला ४२ किलो. आषाढी ते कार्तिकी १२० दिवस, म्हणजे ५०४० किलो, पाच टनांवर. आणि तुझा तुकडा किती? दीड एकर म्हणजे ०.६ हेक्टर. बिनखताच्या, बिननिगराणीच्या माळगवताचं हेक्टरी अडीच टन सुकं गवत धरलं, आणि हे मी हात सैल ठेवून धरतो आहे, तरी तुझ्याकडे झाला दीड टन. ४२ ने भाग. ३५ दिवस झाले की गवत खलास. त्यातलं तुडवलं किती गेलं, लिदीखाली किती गेलं, ते मी धरलेलंच नाही. चार महिन्यांचं भाडं घेतलंस आणि जेमतेम एका महिन्याचं गवत दिलंस. किराणा दुकानदाराने तुला असं माप दिलं असतं तर तू दुकानासमोर उभा राहून ओरडला असतास. त्या तुकड्यावर एक घोडं नीट राहतं. वरून वाळलं गवत घातलं तर दोन. सहा या आकड्याला हो म्हणण्याआधी हा भागाकार करायला पाच मिनिटं लागली असती.

पावसाळ्यात घोड्यांच्या चाऱ्याचा हिशेब ठेवणं हा आपल्या मुलखाचा जुना संस्कार आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणकडे छावणी केलेल्या आपल्या लष्कराला लिहिलेलं पत्र तुम्हाला इतिहासाच्या तासाला सांगितलं होतं. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, एवढंच त्या पत्रातलं लोकांना आठवतं. त्यातला चाऱ्याचा भाग कुणी सांगत नाही. दाणा आणि गवत पावसाळाभर पुरेल असं बेताने काढा; आत्ता बेबंद खर्च केलंत तर ऐन पावसात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असा त्याचा रोख आहे. मग तुम्ही रयतेला उपद्रव द्याल, हेही त्यांनी पुढे बजावलं आहे. भीमथडीच्या तट्टांवर ज्यांनी राज्य उभं केलं, त्यांना घोड्याचं पोट आणि शेजारच्या शेतकऱ्याचं भात या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत हे पक्कं ठाऊक होतं. तुझ्या तुकड्यात नेमकं तेच झालं. गवत संपलं आणि घोडी शेजाऱ्याच्या भातात गेली. दरवर्षी जयंतीला गाडीवर झेंडा लावतोस ना? मग ते पत्र एकदा पूर्ण वाच.

खरं म्हणजे करायचं काय होतं? पहिल्या पावसाबरोबर जनावर सोडायचंच नव्हतं. गवत वीतभर होऊ द्यायचं, जमीन जरा घट्ट होऊ द्यायची. तुकड्याचे चार भाग पाडायचे. एका भागात चरवायचं, बाकीचे राखायचे. गवत चार बोटं उरलं की घोडी तिथून पुढच्या भागात न्यायची. खालचं खाचर पावसाळाभर बंदच ठेवायचं. ओल्या खाचरात घोड्याचा खूर रुततो, माती दाबून घट्ट बसते आणि उन्हाळ्यात तीच वीट होऊन नांगराला दाद देत नाही. वरच्या अंगाला कुसळी आहे, ती फुलोऱ्यावर येण्याआधी चरवून घ्यायची. एकदा कुसळ धरलं की तोंडात, हिरड्यांत घुसतं. लीद दोन तीन दिवसांनी गोळा करून उकिरड्यावर टाकायची. घोडा आपल्या लिदीजवळचं गवत टाळतो, म्हणून न उचललेल्या लिदीने निम्मी चराई फुकट जाते. आणि त्याच लिदीतल्या जंतांची अंडी फुटून अळ्या गवतावर चढतात व पुन्हा घोड्याच्याच पोटात जातात. ती लीद कुजवली असतीस तर पुढच्या वर्षी तुझ्याच भाताला उत्तम खत मिळालं असतं.

आणखी एक. घोडेवाल्याने गवत संपल्याचं कळवलं तेव्हा तू त्याला सांगितलंस, "गोठ्यामागचा नेपियर काप आणि घाल." गाईला जे चालतं ते घोड्याला चालतं असं समजू नकोस. नेपियरमध्ये ऑक्झलेट बरंच असतं. गाईच्या पोटातले जंतू ते फोडून टाकतात. घोड्याच्या पोटात ते कॅल्शियमला धरून बसतं, कॅल्शियम अंगी लागत नाही, शरीर ते हाडांतून काढायला लागतं आणि दिवस गेले की जबडा सुजतो, पाय लंगडतात. चार दिवस घातल्याने हे होत नाही, दोन महिने तेवढ्यावरच ठेवलं तर होतं. कोंबडीखाद्य तर घोड्याच्या आसपासही ठेवायचं नाही. त्यात कोंबड्यांसाठी मिसळलेली काही औषधं घोड्याच्या हृदयाला मारक असतात. माहीत नसेल तर विचारावं. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारता सल्ला देण्यात गुन्हा आहे.

तिसरी गोष्ट. घोडी त्याची.

विकत त्याने घेतली, हे खरं. पण ती राहतात कुठे? १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा सांगतो की जनावर ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीखाली असेल त्याने त्याच्या हिताची काळजी घ्यायची. देखरेख कुणाची यावर वकील भांडत बसतील. मी वकील नाही. मला एवढंच कळतं की तुझ्या दाराच्या आत एक मुकं जनावर उपाशी आहे, आणि दाराची किल्ली तुझ्याकडे आहे.

घोड्याचं पोट कसं असतं ते ऐक, म्हणजे उपाशी ठेवणं म्हणजे काय ते समजेल. एवढ्या मोठ्या देहात जठर लहान, सतत थोडं थोडं खाण्यासाठी केलेलं. मोकळा घोडा दिवसाचे बारा-सोळा तास चरतो. तो रवंथ करत नाही आणि त्याला ओकताही येत नाही. चाऱ्यात अचानक बदल झाला, पोट फार वेळ रिकामं राहिलं, उघड्या जमिनीवरून गवताबरोबर माती पोटात गेली, की पोटशूळ उठतो. मग घोडा वळून वळून पोटाकडे बघतो, पायाने जमीन उकरतो, लोळतो, लीद टाकत नाही. काही तासांत खेळ संपू शकतो. ही लक्षणं तुझ्या तुकड्यावर रात्री कोण बघणार होतं? पाण्याचं म्हणशील तर पावसाळा आहे म्हणून तू हौद धुऊन ठेवला नाहीस. एका घोड्याला दिवसाला वीस-तीस लिटर स्वच्छ पाणी लागतं. ती खाचरातलं गढूळ पाणी पीत आहेत, आणि त्याच पाण्यात लघवी करत आहेत.

खुरांचं तर विचारू नकोस. दिवसरात्र चिखलात उभं राहिलं की खुराच्या तळाचा मऊ त्रिकोणी भाग कुजतो, काळा पडतो, त्याला घाण वास येतो आणि घोडं पाय टेकवेनासं होतं. उभं राहायला उंचवट्यावर कोरडी, मुरूम टाकलेली जागा हवी, वर चार पत्रे हवेत. सहा-आठ आठवड्यांनी नालबंद यायला हवा. हे घोडेवाल्याचं काम आहे म्हणशील. आहेच. पण कोरडी जागा तो कुठून आणणार? जमीन तुझी, असं तूच म्हणालास ना?

रोगांची चौकशीही तू केली नाहीस. ग्लँडर्स नावाचा घोड्यांचा रोग आहे. नाकातून घट्ट शेंबूड, अंगावर गाठी, फोड. तो माणसालाही होतो. त्यावर लस नाही आणि रोग सिद्ध झालेला घोडा कायद्याने मारावाच लागतो. शहराशहरांतून फिरणारी घोडी आपल्या गावात आणताना रक्त तपासल्याचा दाखला मागणं हे घोडेवाल्यावर अविश्वास दाखवणं नव्हे, ते गावाचं रक्षण आहे. चावणाऱ्या माश्यांमुळे पसरणारा सर्रा आहे, पावसाळ्यात माश्या वाढतात तेव्हा त्याची भीती अधिक. सरकारी दवाखान्याचे पशुवैद्यक आपल्या गावापासून फार लांब नाहीत. १९६२ हा फिरत्या पथकाचा क्रमांक दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेला आहे. तांबडीसाठी मीच त्यांना बोलावलं. जखम धुतली, इंजेक्शन दिलं, पाय वाचेल म्हणाले. उपाशीपणावर मात्र त्यांच्याकडे इंजेक्शन नाही.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी खरोखर संतापलो ती. घोड्यांबरोबर माणूस येतो, हे तुझ्या ध्यानातच आलं नाही. घोडेवाला शहरात मिळेल ते काम करतो, घोड्यांचं पोट भरायचं म्हणून. घोड्यांपाशी त्याने आपला बारा वर्षांचा मुलगा ठेवला होता. मावळातल्या पावसात, प्लास्टिकच्या कागदाखाली. तोच रात्री उठून घोडी मोजायचा. तोच भातात शिरलेली घोडी काढायला गेला आणि शेजाऱ्याचे शब्द त्याने झेलले. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळा हा त्याचा हक्क आहे. तू माझा विद्यार्थी, शिकलास, नोकरीला लागलास, आणि तुझ्या जमिनीवर एक मूल चार महिने शाळेवाचून राहणार हे तुला कळलंसुद्धा नाही, कारण तू बघायलाच आला नाहीस. मी त्याला शाळेत नेऊन बसवलं आहे. दुपारचं जेवण तो तिथेच जेवतो. रात्री आमच्या पडवीत झोपतो. गणितात चांगला आहे. घोड्याला काय लागतं ते त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं, पण ते त्याच्या एकट्याच्या खांद्यावर टाकायचं वय त्याचं नाही.

घोडेवाल्यावर सगळं ढकलू नकोस. त्यानेही चुका केल्या आहेत आणि त्या मी त्याच्या तोंडावर सांगितल्या आहेत. सहा घोडी दीड एकरावर राहणार नाहीत हे त्याला समजायला हवं होतं. पण तो अडलेला होता. अडलेला माणूस मिळेल त्या जागेला हो म्हणतो. नाही म्हणण्याची ताकद त्या व्यवहारात फक्त तुझ्याकडे होती.

आता काय करायचं ते सांगतो. रविवारी ये. चार घोड्यांच्या उरलेल्या दिवसांचं भाडं मोजून घेऊन ये आणि घोडेवाल्याच्या हातात दे. वरच्या माळावरचं तुझं वरकस यंदा पडीकच आहे, तिथे गवत गुडघ्याएवढं उभं आहे. दोन घोडी तिथे जातील, दोन ओढ्याकाठी राहतील, उरलेल्या दोघांची सोय मी धनगरवाड्यावर बोलून ठेवली आहे. घोडी एकदम भरगच्च गवतावर सोडायची नाहीत. उपाशी पोटाला आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्यायचं. वाळल्या गवताच्या पेंढ्या तू विकत आणायच्या, कारण गवताचं माप तू कमी दिलंस. खाचराला आडवे बांबू लावून ते बंद करायचं. सैल तार उतरवायची. हौद घासून भरायचा. शेजाऱ्याच्या घरी आधी जायचं, माफी मागायची, बांध स्वतःच्या हाताने घालून द्यायचा आणि भाताचं नुकसान तो सांगेल ते मान्य करायचं. कागद सोमवारी तालुक्याला जाऊन वकिलाकडून लिहून घ्यायचा, दोन प्रती, एक त्याला. पुढे कार्तिकीपर्यंत दर आठवड्याला तुझी एक फेरी झालीच पाहिजे. पिंपरी काही सातासमुद्रापलीकडे नाही.

एवढं करणं जमणार नसेल तर पुढच्या आषाढात ही जमीन कुणाला देऊ नकोस. पडीक ठेव. पडीक जमिनीने आजवर कुणाचं घोडं उपाशी ठेवलेलं नाही. आणि द्यायची असेल तर पैसे मोजून घेतोस तसं गवतही मोजून दे, आणि दिल्यावर जाऊन बघ.

रविवारी सकाळी सात वाजता मी तुकड्यावर असेन. तू तिथे दिसला पाहिजेस.